शेवटची आंघोळ : नवगाव ते न्यू जर्सी

आपल्या मसजिदीच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेहून काहीतरी लिहून पाठवा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा मी विचारात पडले. मी काही लेखिका नव्हे. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि जवळजवळ चाळीस वर्षे, आधी मुंबईत व नंतर न्यू जर्सीत, रुग्णांची सेवा केली. आता निवृत्त आहे. मसजिदीचा पाया कोणी घातला, सेफेर तोरा कोठून आले, हझान कोण कोण होऊन गेले, हे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितीलच. मी ठरविले की आपण कबरस्तानाविषयी लिहावे.

आनंदाच्या अंकात मरणाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण वाचकहो, इतिहास पाहिला तर आपल्या लोकांनी जेथे जेथे वस्ती केली तेथे आधी कबरीची जागा आली आणि मसजिद मागाहून आली. आपला पूर्वज आब्राहाम यानेही कनान देशात पहिली जमीन विकत घेतली ती घरासाठी नव्हे, शेतीसाठीही नव्हे, तर सारा वारली तेव्हा तिला ठेवण्यासाठी. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात तो सौदा सविस्तर दिला आहे. मखपेलाच्या गुहेसाठी ४०० शेकेल चांदी त्याने सर्वांच्या देखत मोजून दिली. फुकट घ्या म्हणत असतानाही त्याने फुकट घेतली नाही. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला कबर स्वतःच्या हक्काची लागते, हे त्याला कळत होते.

आपला स्वतःचा इतिहास तर कबरीपासूनच सुरू होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्यावर आणलेली बाकीच्यांची प्रेते त्यांनी तेथेच पुरली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पुरुषांचा एक मोठा ढिगारा आणि स्त्रियांचा दुसरा, असे हाईम शमुएल केहिमकर यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी आपला इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीव येथे. केहिमकर हे आगमन इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचे मानतात. इतर विद्वानांची मते वेगळी आहेत. तो वाद मी सोडविणार नाही. मला एवढेच दिसते की ज्यांच्याजवळ पुस्तक उरले नव्हते, प्रार्थना जवळजवळ विसरल्या होत्या, फक्त शेमा तोंडी होता, त्या चौदा जणांनी पहिले काम केले ते आपल्या मेलेल्यांना मातीत ठेवण्याचे. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिली मसजिद बांधली ती १७९६ साली. म्हणजे नवगावच्या कबरी आणि पहिली मसजिद यांच्यामध्ये कितीतरी शतके गेली. त्या शतकांत आपण कोण आहोत हे सांगणाऱ्या गोष्टी थोड्याच होत्या : शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्याचे नियम, शेमा, आणि आपल्या कबरी.

माझी आजी अलिबागकडची. तिच्या तोंडून ऐकलेले आणि घरात पाहिलेले रिवाज येथे नोंदवून ठेवते, कारण आमच्या पिढीनंतर ते सांगणारे कोणी राहील की नाही याची शंका वाटते. माणूस गेला की घरातल्या हंडे-कळशांतले पाणी ओतून टाकीत. मयताला ऊन पाण्याने आंघोळ घालीत. पुरुषाला पुरुष, बाईला बायका. मग पांढरे कफन. वास यावा म्हणून सब्जाच्या डहाळ्या ठेवीत. मसजिदीतून डोलारा येई आणि शेमा म्हणत खांद्यावरून कबरस्तानात नेत. प्रत्येक जण मूठभर माती टाकी. घरी, जेथे प्राण गेला तेथे सात दिवस दिवा तेवत ठेवीत व जवळ पाण्याचे भांडे असे. घरात चूल पेटत नसे. शेजारपाजारचे नातलग जेवण आणून आग्रहाने दोन घास खाऊ घालीत. पुढे जियारत, हशकाबा आणि मुलाचा कद्दीश.

यातले तोराचे किती आणि कोकणाचे किती, असा प्रश्न मला अमेरिकेतले ज्यू लोक नेहमी विचारतात. पाणी ओतणे, आंघोळ, पांढरे कापड, सात दिवस जमिनीवर बसणे, शेजाऱ्यांनी पहिले जेवण देणे, हे जगभरच्या आपल्या लोकांत आहे. सब्जा कोकणच्या परसातला. ‘जियारत’ हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला. आणि शिळा सण? किप्पूरच्या म्हणजे दारफाळणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा, आणि दारफाळणीला घरी आलेले पूर्वजांचे आत्मे त्या दिवशी परत जातात, अशी जुन्या माणसांची समजूत होती. बहुतेक वर्षी हिंदू शेजाऱ्यांचा पितृपक्ष संपतो आणि आपले नवे वर्ष लागते. एकाच आळीत राहणाऱ्या लोकांनी एकाच ऋतूत आपापल्या मेलेल्यांची आठवण काढावी, यात मला कमीपणा वाटत नाही. तिशाबाबला आपण वालाचे बिरडे करतो. युरोपातले ज्यू शोकाच्या घरी मसूर व अंडी देतात, कारण ती गोल असतात, आयुष्याच्या चक्रासारखी. कडधान्य निराळे, दुःख तेच.

शेजाऱ्यांचे रिवाजही मी परिचारिका म्हणून जवळून पाहिले. मुंबईच्या वॉर्डात सर्व धर्मांची माणसे मरतात आणि प्रत्येकाचे नातलग आम्हाला वेगळे सांगतात. हिंदूंच्या तोंडात गंगाजळ व तुळशीपत्र ठेवायचे. मुसलमानांची घाई आपल्यासारखीच. हिंदूंमध्येही सगळे दहनच करतात असे नाही. लिंगायत पुरतात, संन्याशाला समाधी देतात, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीला १२९६ मध्ये घेतलेल्या समाधीपुढे आजही लाखो लोक माथा टेकतात. पारशी लोकांचे सर्वांत वेगळे. त्यांना अग्नी व माती दोन्ही पवित्र, म्हणून डुंगरवाडीला देह गिधाडांच्या स्वाधीन करायचा. पण १९९० नंतर देशातली गिधाडे झपाट्याने मरू लागली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या पोटात जात होते. हेच दुखण्यावरचे औषध मी वॉर्डात कितीतरी रुग्णांना दिले आहे! सरकारने जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद केले, तोवर फार उशीर झाला होता. शेकडो वर्षांचा रिवाज एका औषधाने अडचणीत येऊ शकतो. आपल्या रिवाजाला गिधाडे लागत नाहीत, माणसांचे हात लागतात. पण ते हातही कमी होत चालले आहेत, आणि हेच मला आज सांगायचे आहे.

कबरीवरून मानअपमानही आपण सोसले आहेत. बगदादकडून आलेले ज्यू व्यापारी मुंबईत स्थिरावू लागले तेव्हा कबरस्तान एकच होते. १८३६ साली त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला की आमच्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. जिवंतपणी वेगळे बसणे समजते, पण मातीखालीही भिंत! राग धरावा म्हणून मी हे लिहीत नाही, त्या गोष्टीला आता जवळजवळ दोनशे वर्षे होत आली. लिहिते ते यासाठी की कबर ही नुसती जमीन नसते, आपल्याला कोण आपले म्हणते याची ती खूण असते.

आता अमेरिकेकडे येते. येथेही तोच क्रम दिसतो. १६५४ मध्ये ब्राझीलहून निघालेले तेवीस ज्यू लोक त्या वेळच्या न्यू अ‍ॅम्स्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, उतरले. गव्हर्नरला ते नकोच होते. तरी १६५६ मध्ये त्यांना कबरीसाठी जमीन मिळाली. त्यांच्या शीरिथ इस्राएल मंडळीची स्वतःची मसजिद उभी राहिली ती १७३० साली. त्यांचे १६८३ पासूनचे जुने कबरस्तान आजही मॅनहॅटनमध्ये चायनाटाउनजवळ आहे. मी ते पाहिले तेव्हा कुंपणापलीकडे झिजलेले दगड आणि भोवती उंच इमारती होत्या. मला नवगावच आठवले.

ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे ज्यू लोकांनी १६७७ मध्ये कबरस्तानाची जमीन घेतली, मसजिद झाली १७६३ मध्ये. पुढे व्यापार बसला, लोक पांगले, मसजिदीला कुलूप लागले. १८५२ मध्ये प्रसिद्ध कवी लाँगफेलो तेथे फिरावयास गेला आणि ते ओस कबरस्तान पाहून त्याने एक कविता लिहिली. ज्यू लोकांवर झालेल्या छळाबद्दल त्यात खरी कणव आहे. पण शेवटी त्याने असे म्हटले की मेलेली राष्ट्रे पुन्हा उठत नाहीत. पंधरा वर्षांनी, १८६७ मध्ये, एमा लाझारस नावाच्या अठरा वर्षांच्या ज्यू मुलीने न्यूपोर्टच्या मसजिदीवर स्वतःची कविता लिहून त्याला जणू उत्तर दिले. तिचा सूर असा की देऊळ ओस असले तरी ती जागा अजून पवित्रच आहे. हीच एमा पुढे स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरील कवितेमुळे जगाला माहीत झाली. न्यूपोर्टला ज्यू वस्ती पुन्हा आली, कुलूप निघाले, १९४८ मध्ये इस्राएलही झाले. लाँगफेलोने दगड वाचले, पण त्या कबरींची निगा राखण्यासाठी टूरो घराण्याने पैसे ठेवले होते आणि फाटक शाबूत होते, याचा अर्थ त्याला लागला नाही. ज्यांच्या कबरीची कोणी काळजी घेतो ते लोक मेलेले नसतात.

अमेरिकेची मरणाची रीत मात्र मला आरंभी फार चमत्कारिक वाटली. येथे यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ मध्ये, दूरच्या रणांगणावरून सैनिकांची प्रेते घरी पाठविण्यासाठी देहात औषध भरण्याची पद्धत वाढली. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांचा देह तसा टिकवून आगगाडीने गावोगाव दर्शनासाठी नेला आणि लोकांना ते रुचले. मग तो धंदाच झाला : रंगविलेला चेहरा, गादीची महागडी पेटी, काँक्रीटचा खड्डा. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या बाईंनी या धंद्यावर एक पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली. १९८४ पासून सरकारी नियम लागू झाला, की दुकानदाराने प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लेखी दिला पाहिजे आणि कायद्याने औषध भरावेच लागते असे खोटे सांगता कामा नये.

मरणाविषयी बोलण्याची मात्र या देशाने आम्हा परिचारिकांना नवी दृष्टी दिली, हे कबूल केले पाहिजे. माझ्या शिक्षणात मृत देहाची व्यवस्था शिकविली होती : डोळे मिटणे, हनुवटी बांधणे, हातपाय सरळ करणे. मरणाऱ्याशी काय बोलावे हे कोणी शिकविले नव्हते. डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी शिकागोत मरणासन्न रुग्णांजवळ बसून त्यांचेच म्हणणे ऐकले आणि १९६९ मध्ये पुस्तक लिहिले. लंडनला डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये हॉस्पिस सुरू केले. त्या स्वतः आधी परिचारिका होत्या. त्यांचे व्याख्यान ऐकून येल विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख फ्लॉरेन्स वाल्ड यांनी ते काम अमेरिकेत आणले. कनेक्टिकटमध्ये १९७४ पासून पहिले हॉस्पिस सुरू झाले. मीही शेवटची काही वर्षे हॉस्पिसमध्ये काम केले. आपल्या घरी आजीच्या उशाशी बसून शेमा म्हणणाऱ्या बायका हेच करीत होत्या, फक्त त्याला नाव नव्हते.

आता दोन खासगी गोष्टी. माझी आई १९९१ मध्ये मुंबईत गेली. फोन आला, तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस गेले. आपल्यात मयत थांबवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी पोहोचले तेव्हा दिवा तेवत होता आणि पाण्याचे भांडे होते. तिची आंघोळ माझ्या बहिणीने व आळीतल्या बायकांनी घातली होती. शेकडो अनोळखी माणसांचे डोळे मी मिटले, जन्मदात्रीला पाणी घालायला मात्र मी नव्हते. हे शल्य मी कोणाजवळ बोलले नाही.

दुसरी गोष्ट १९९६ च्या थंडीतली. रात्री फोन वाजला. आपल्यातल्याच एका कुटुंबातला मुलगा रडत होता. “मावशी, बाबा गेले. हॉस्पिटलवाल्यांनी विचारलं कुठलं फ्युनरल होम, मी यादीतलं पहिलं नाव सांगितलं. आता ते औषध भरू का म्हणतात. आपल्यात काय करतात?” मुलगा इंजिनियर, घरी सुबत्ता, पण त्याला काहीच ठाऊक नव्हते, कारण त्याच्या वडिलांनी ‘अशुभ बोलू नये’ म्हणून कधी सांगितलेच नव्हते. मी म्हटले, “आधी त्यांना सांग, हात लावू नका.” मग येथल्या एका ज्यू मंडळीच्या हेब्रा कदीशाला, म्हणजे मयताचे काम करणाऱ्या सेवाभावी मंडळाला, फोन केला. बर्फात, पहाटे चार माणसे आली. आपली भाषा त्यांना येत नव्हती, आपले नाव उच्चारता येत नव्हते. तरी त्यांनी त्या काकांना आपल्या भावासारखे पाणी घातले, आणि एक पैसा घेतला नाही.

त्या वसंत ऋतूत मी त्याच मंडळाच्या बायकांकडे तहारा शिकावयास गेले. पहिल्या दिवशी माझे हात थरथरले. आधी मृत बाईचे नाव घेऊन तिची क्षमा मागायची, की काही चुकले तर माफ कर. चेहरा झाकलेला. देह सर्व उघडा करायचा नाही, जेवढा भाग धुवायचा तेवढाच. देहावरून वस्तू एकीकडून दुसरीकडे द्यायची नाही. नखे स्वच्छ करायची. मग नऊ काब, म्हणजे सुमारे तेवीस लिटर पाणी, धार न तुटू देता ओतायचे. एकीची बादली संपण्याआधी दुसरीने सुरू करायची. मग साधे पांढरे सुती कपडे, त्यांना खिसा नाही. श्रीमंत-गरीब सर्वांना तेच. गाठीसुद्धा सुटतील अशा बांधायच्या. ते पाणी ओतताना मला प्रत्येक वेळी माझ्या आईला पाणी मिळाल्यासारखे वाटते. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

या सेवेला आपल्याकडे ‘हेसेद शेल एमेत’, खरी दया, म्हणतात, कारण तिची परतफेड मेलेला करू शकत नाही. मीही येथे शिकले तेव्हाच मला कळले की माझी आजी अलिबागला जे करीत होती ते जवळजवळ तेच होते. तिला हिब्रू नाव माहीत नव्हते, एवढाच फरक.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपले नाव, आईवडिलांची हिब्रू नावे, कोणत्या मंडळाला बोलवायचे त्याचा फोन, हे एका कागदावर लिहून मुलांच्या हाती द्यावे. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत परवानाधारक फ्युनरल डायरेक्टर लागतोच, पण ज्यू रिवाज जाणणारा आधी शोधून ठेवता येतो. काही कुटुंबांनी मिळून कबरींच्या जागा एकत्र घ्याव्यात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी न्यूयॉर्कला आपापल्या गावाच्या नावाने संस्था काढून हेच केले. भारतात राहणाऱ्यांना विनंती की कोकणातील आपल्या कबरस्तानांवरची नावे कोणी तरी वहीत उतरवून घ्यावीत. अनेक गावांत आता आपले एकही घर नाही. मराठी अक्षरे कोरलेले ते दगड पावसाने झिजत आहेत. आणि दोन्हीकडच्या तरुण मुलामुलींनी आंघोळ घालायला शिकावे. हे काम पैशाने होते, पण पैशाने होऊ देऊ नये.

कद्दीशमध्ये मरणाचा एक शब्दही नाही, फक्त परमेश्वराची स्तुती आहे. लहानपणी मला त्याचे नवल वाटे. आता वाटत नाही. कद्दीश म्हणायला दहा माणसे लागतात, एकट्याने म्हणता येत नाही. मेलेल्यासाठी दहा जिवंत माणसे एकत्र यावीत, हाच त्याचा अर्थ असेल. आपल्या मसजिदीत ती दहा माणसे पुढेही जमत राहोत, आणि एकमेकांना शेवटचे पाणी घालणारे हात आपल्यात कधी कमी पडू नयेत, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेते.

शालोम.